दक्षिण ट्रॅपखालील खचदऱ्या : एका अनुमानाचे परीक्षण

१९६७ च्या कोयना भूकंपानंतर दक्षिण ट्रॅपच्या बुडाशी काय आहे, हा प्रश्न केवळ भूशास्त्रज्ञांपुरता राहिला नाही. कृष्ण ब्रह्मम व नेगी यांनी १९७३ मध्ये गुरुत्वमापनाच्या आधारे त्याचे एक धीट उत्तर पुढे मांडले. कोयना व कुर्डुवाडी येथील ऋण विसंगतींचे पट्टे म्हणजे लाव्ह्याखाली गाडल्या गेलेल्या, हलक्या गाळाने भरलेल्या दोन खचदऱ्या होत, असे ते उत्तर होते.

या अनुमानाची पहिली पायरी भक्कम आहे. बेसाल्टची घनता ग्रॅनाइटी पायापेक्षा ०.२ ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर अधिक धरल्यास एक किलोमीटर जाडीच्या थराने गुरुत्व सुमारे ८ मिलिगॅलने वाढावयास हवे. तेथे उलट घट आढळते, त्या अर्थी खाली कोठेतरी हलके द्रव्य असले पाहिजे. परंतु ‘कोठेतरी’ या शब्दातच सारी अडचण आहे. विसंगतीचा चढउतार तीव्र असेल, तर उगम फार खोल नाही एवढे ठरते. तो मंद असेल, तर उथळ परंतु रुंद गाळ आणि खोलवर जाड झालेले भूकवच या दोहोंपैकी एकाची निवड आकडे करीत नाहीत. त्यातून कोयना सह्याद्रीत वसलेली. समस्थायित्वाच्या तत्त्वानुसार उंच भूमीखाली भूकवच जाड असणे स्वाभाविकच होय. प्रादेशिक विसंगती वजा करून स्थानिक अवशेष काढावयाचा, तर ती प्रादेशिक रेषा कोणी व कशी आखली यावर दरीची खोली अवलंबून राहते. निष्कर्ष मांडताना ही मोकळीक पुरेशी उघड केली जात नाही, हा या पद्धतीच्या लेखनावरील मुख्य आक्षेप आहे.

चुंबकीय मापनाने ही संदिग्धता मिटेल, ही आशाही जपूनच बाळगावी. ट्रॅपच्या खालच्या पुष्कळशा थरांचे कायम चुंबकत्व आजच्या क्षेत्राच्या उलट दिशेचे आहे. केवळ प्रेरित चुंबकत्व गृहीत धरणाऱ्या गणिताला तेथे चिन्हाचीच भूल पडते.

२०११ नंतर कोयना परिसरात खोल विंधन-छिद्रे घेण्यात आली. रासाटी येथे सुमारे ९३३ मीटरांवर बेसाल्ट संपून थेट ग्रॅनाइटी पाया लागला. मध्ये गाळाचा थर नव्हता. गाळाने भरलेल्या दरीची कल्पना कोयनेपुरती त्यामुळे टिकत नाही. ऋण विसंगती मात्र जागच्या जागी आहे, आणि तिचे कारण आता अधिक खोल शोधावे लागते. कुर्डुवाडीचा पट्टा हा वेगळा प्रश्न आहे. कोयनेच्या छिद्रांवरून त्याचा निकाल लावणे म्हणजे मूळ लेखकांचीच घाई दुसऱ्या दिशेने करणे होईल.