हृदयस्पंदनाचे मराठी विज्ञानलेखनातील वर्णन : एक चिकित्सा

प्रस्तावना

हृदय हा एक पंप असून उजव्या कर्णिकेतील पेसमेकर पेशी विद्युत् संदेशाद्वारे त्याची लय ठरवितात, असे वर्णन मराठी विज्ञानलेखनात सामान्यतः आढळते. ते चुकीचे नाही. परंतु अपुरे आहे. विकरांचा परिचय बहुधा पचनाच्या प्रकरणात होतो व तेथेच संपतो. त्यामुळे विकर म्हणजे अन्नाचे विघटन करणारा पदार्थ, एवढीच कल्पना विद्यार्थ्यांच्या मनात राहते. प्रस्तुत लेखकाचा अध्यापनातील अनुभवही असाच आहे. या अपुरेपणाची चिकित्सा येथे एका परिचित वनस्पतीच्या आधारे केली आहे.

विवेचन

हृदयाच्या आकुंचनासाठी कॅल्शियम अत्यावश्यक आहे, हे सिडनी रिंगर यांनी १८८३ मध्ये बेडकाच्या हृदयावरील प्रयोगांतून दाखविले. विश्रांतीच्या अवस्थेत हृदयपेशीतील मुक्त कॅल्शियम बाहेरच्या तुलनेत सुमारे १०,००० पटींनी कमी असते. प्रत्येक ठोक्याला ते वाढते व लगेच कमी होते. हा चढउतार विकरांच्या नियंत्रणाखाली असतो. एक विकर कॅल्शियम पुन्हा पेशीतील साठ्यात भरते. काही विकरे प्रथिनांना फॉस्फेट जोडून ही गती वाढवितात. विद्युत् संदेश व आकुंचन यांना जोडणारा हा दुवाच आपल्या वर्णनातून गळतो.

नाशिक परिसरात कुंपणाला व देवळांच्या आवारात दिसणारी पिवळी कण्हेर, म्हणजेच बिट्टी, विषारी आहे हे सर्वज्ञात आहे. मात्र तिचे विष हृदयाची लय का बिघडविते, हे क्वचितच सांगितले जाते. येन्स स्कोऊ यांनी १९५७ मध्ये शोधलेल्या सोडियम-पोटॅशियम एटीपेज या विकराला हे विष रोखते. या शोधासाठी त्यांना १९९७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. हे विकर रोखले गेले की पेशीत सोडियम साठते; त्यामुळे कॅल्शियम बाहेर टाकण्याची क्रिया मंदावते; साठा अतिरिक्त झाला की कॅल्शियम अवेळी मुक्त होते व ठोके अनियमित पडतात. डिगॉक्सिन हे हृदयरोगावरील औषधही याच विकरावर कार्य करते. औषध व विष यांतील अंतर येथे केवळ मात्रेचे आहे.

एवढा तपशील सामान्य वाचकाला अवघड जाईल, असा आक्षेप घेतला जाऊ शकतो. परंतु वरील तीन पायऱ्या साध्या मराठीत सांगता येतात. खरी अडचण परिभाषेतील विसंगतीची आहे. शालेय पुस्तकात ‘विकर’ वाचलेला विद्यार्थी पुढे ‘एंझाइम’ ऐकतो, तेव्हा दोन्ही एकच आहेत हे त्याच्या लक्षात येतेच असे नाही.

समारोप

हा प्रश्न केवळ शैक्षणिक नाही. मुलाने बिट्टीचे बी खाल्ले व उलटी होऊन गेली, म्हणजे धोका टळला, असा समज जीवघेणा ठरू शकतो. कारण लयीतील बिघाड काही तासांनीही उद्भवतो. अशा रुग्णाला तत्काळ रुग्णालयात नेऊन हृदयालेखाद्वारे निरीक्षणाखाली ठेवणे आवश्यक असते. डिगॉक्सिनविरोधी प्रतिपिंडे या विषबाधेवर उपयुक्त असल्याचे श्रीलंकेतील अभ्यासाने २००० मध्ये दाखविले. मात्र हा उपचार खर्चिक आहे. म्हणून हृदयाच्या पाठात विकरांना व कण्हेरीला स्थान मिळावे, आणि महाविद्यालयीन अध्यापकांनी ती उणीव आपल्या वर्गापासून भरून काढावी, असे सुचवावेसे वाटते.