नंबर दिसतो, आवाज येत नाही

गेल्या हिवाळ्यात ऑफिसातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला बुटांची दोन खोकी आणून दिली. आत स्लाइड्स आणि निगेटिव्ह होत्या. मी डर्बीत राहतो, सॉफ्टवेअरचं काम करतो आणि रेल्वेचं वेड लपवत नाही, एवढं त्यांना पुरेसं होतं. १९७५ ते १९८२ या काळात, वयाच्या तेराव्या वर्षापासून, त्यांनी काढलेले ब्रिटिश रेल्वेच्या डिझेल इंजिनांचे हे फोटो. अकराशेच्या आसपास. मी ते सगळे स्कॅन केले. मग इंजिनाच्या केबिनवरचा नंबर ओळखून फोटो आपोआप त्या त्या फोल्डरमध्ये टाकणारा एक छोटा प्रोग्राम लिहिला. ज्यांत नंबर सापडला नाही, ते ‘इतर’ नावाच्या फोल्डरमध्ये गेले.

काम करता करता मी त्याच पिढीतल्या इतरांची पुस्तकंही वाचायला लागलो. जुन्या पुस्तकांच्या दुकानांत ती हमखास मिळतात: पोरवयात काढलेले फोटो, आणि साठीत लिहिलेल्या आठवणी. सात-आठ वाचली की साचा लक्षात येतो. वडील किंवा काका पहिल्यांदा स्टेशनावर घेऊन जातात. इयन ॲलनची इंजिनांच्या नंबरांची छोटी पुस्तिका हातात येते. दिसलेल्या प्रत्येक नंबराखाली रेघ मारायची. वाढदिवसाला कॅमेरा मिळतो. सँडविचचा डबा, पाऊस, शेडमध्ये गुपचूप शिरणं, फोरमनने हाकलणं. शेवटी लाडक्या इंजिनाची अखेरची फेरी. आणि प्रस्तावनेत, जवळजवळ न चुकता, काही फोटोंच्या दर्जाबद्दल दिलगिरी.

या दिलगिरीपाशी मी अडखळलो. पन्नास वर्षांपूर्वी तेरा वर्षांच्या मुलाने खाऊच्या पैशांतून काढलेल्या फोटोबद्दल आज माफी कोणाची मागायची?

ती मागितली जाते वाफेच्या इंजिनांचे फोटो काढणाऱ्या आधीच्या पिढीची. ब्रिटनमध्ये रेल्वे-छायाचित्रणाला भक्कम परंपरा होती. तिचं सर्वांत लोकप्रिय नाव एरिक ट्रेसी; हे पुढे वेकफील्डचे बिशप झाले आणि १९७८मध्ये ॲपलबी स्टेशनावर, वाफेच्या इंजिनाच्या खास गाडीची वाट पाहत असतानाच वारले. त्या परंपरेत चांगल्या फोटोची व्याख्या पक्की होती. सूर्य फोटो काढणाऱ्याच्या पाठीमागे, इंजिन तिरकं, म्हणजे तोंड आणि एक बाजू दोन्ही उजेडात, मागे डब्यांची ओळ, वर धुराचा लोट. वाफेच्या इंजिनाला ही मांडणी शोभते, कारण त्याचं सगळं बाहेरच असतं. दांडे फिरताना दिसतात, वाफ सुटताना दिसते, कोळसा ओढणारा माणूस दिसतो. त्या यंत्राचा फोटो म्हणजे ते कसं चालतं याचीही थोडी हकिकत असते.

११ ऑगस्ट १९६८ला ब्रिटिश रेल्वेच्या मुख्य मार्गांवरची वाफेची शेवटची खास गाडी धावली. अनेक जुन्या छायाचित्रकारांनी कॅमेरे ठेवून दिले. कॉलिन गॅरट यांच्यासारखे काही वाफेच्या शोधात जगभर फिरले. फलाटाच्या टोकाला उरली ती पोरं. त्यांच्या वाट्याला डिझेल आलं: दोन टोकांना दोन केबिन असलेली लोखंडी पेटी. जे काही फिरतं, जळतं, तापतं, ते पत्र्याच्या आत. त्यातच १९६५पासून ब्रिटिश रेल्वेने रंगसंगतीही एकच ठरवली होती. काही वर्षांत बहुतेक इंजिनं त्याच निळ्या रंगाची, त्याच पिवळ्या तोंडाची झाली. एका जातीच्या दोन इंजिनांत डोळ्याला दिसणारा फरक म्हणजे नंबर, आणि काहींना नाव. नंबरांच्या या वेडावर बाहेरची माणसं हसतात. पण ज्या जगात ओळखीची दुसरी खूणच ठेवलेली नाही, तिथे पोरं नंबरच बघणार.

कॅमेराही तसाच. बहुतेकांकडे कोडॅकचा स्वस्त इन्स्टामॅटिक. त्याचं शटर साधारण १/९० सेकंदाचं. ताशी १०० मैलांनी जाणारी गाडी तेवढ्या वेळात जवळजवळ अर्धा मीटर पुढे सरकते, म्हणजे फोटोत नुसता निळा फराटा. चांगला कॅमेरा असला आणि त्यात कोडाक्रोम २५ घातली, तर लख्ख उन्हात एफ/४वर १/४०० सेकंदापर्यंत जाता येतं. लख्ख ऊन हे मात्र ब्रिटनमध्ये गृहीत धरायचं प्रकरण नव्हे. त्यामुळे मोकळ्या माळावरून धडधडत जाणारी गाडी हा ट्रेसींचा विषय या मुलांना झेपणारा नव्हता. ती उभ्या इंजिनांचे फोटो काढत: स्टेशनात, शेडमध्ये, भंगाराच्या वाटेवरच्या रुळांवर. आठवणींच्या पुस्तकांत हे उणेपण म्हणून येतं. मला वाटतं या फोटोंचं बळ तिथेच आहे, कारण इंजिन उभं असतं तिथे माणसं असतात. पार्सलची ढकलगाडी, टपालाच्या पोत्यांवर बसलेला हमाल, सिगारेटची जाहिरात, मित्राची अर्धी बाही, हे सगळं नको असताना चौकटीत येतं.

पण या मुलांना नक्की आवडत काय होतं? याचं उत्तर फोटोंत सापडत नाही, टोपणनावांत सापडतं. क्लास ४० म्हणजे ‘व्हिसलर’, त्याच्या टर्बोचार्जरच्या शिट्टीमुळे. क्लास ३७ ‘ट्रॅक्टर’, कारण घरघर शेतातल्या ट्रॅक्टरसारखी. क्लास २० ‘चॉपर’, हेलिकॉप्टरच्या ठेक्यामुळे. क्लास ५० ‘हूव्हर’, सुरुवातीच्या काळातल्या पंख्यांचा आवाज घर झाडायच्या यंत्रासारखा होता म्हणून. ही चारही नावं कानाने ठेवलेली आहेत. या पिढीचं प्रेम आवाजावर होतं, आणि हातात दिलेलं साधन डोळ्याचं होतं.

डेल्टिकच्या बाबतीत हे सर्वांत ठळकपणे जाणवतं. १९६१-६२मध्ये अशी फक्त २२ इंजिनं आली, मुख्यतः लंडनचं किंग्ज क्रॉस ते एडिंबरा या मार्गासाठी. प्रत्येकात नेपियर कंपनीची १८ सिलिंडरांची दोन इंजिनं, प्रत्येकी १६५० अश्वशक्तीची. मूळ रचना नौदलाच्या वेगवान बोटींसाठी झालेली. काहींना पलटणींची नावं, काहींना शर्यतीच्या घोड्यांची. डर्बीपासून फार लांब नसलेल्या बॅरो हिलच्या जुन्या गोल शेडमध्ये मी एक जतन केलेलं डेल्टिक सुरू होताना ऐकलं. आधी निळसर धूर, मग एक सलग, घुमणारी गुणगुण. जवळच्या लाकडी बाकावर हात ठेवला होता, त्याला मुंग्या आल्यासारखं झालं. घरी येऊन त्या दिवशीचे माझे फोटो पाहिले. चांगले आहेत. सूर्य पाठीमागे, नंबर स्पष्ट. त्या हाताच्या मुंग्या त्यात कुठेच नाहीत.

वाफेच्या काळात आवाजाचीही परंपरा होती. पीटर हँडफर्ड यांनी १९५०च्या दशकापासून वाफेच्या गाड्यांचे आवाज ध्वनिमुद्रित करून त्यांच्या तबकड्या काढल्या. याच हँडफर्डना पुढे ‘आउट ऑफ आफ्रिका’च्या ध्वनीसाठी ऑस्कर मिळालं. डिझेलच्या पोरांपैकीही बरेच जण पहिल्या डब्याच्या खिडकीतून कॅसेट रेकॉर्डर बाहेर धरून बसत. माझ्या सहकाऱ्यांनीही तसं केलं होतं. कॅसेटी कुठे आहेत विचारलं, तर म्हणाले, त्यांवर नंतर गाणी भरली. कॅसेट महाग होती, आणि फोटो तर होतेच.

अशा फोटोकडे कलाकृती म्हणून पाहण्यात फारसा अर्थ नाही. ती पावती आहे: अमुक तारखेला, अमुक फलाटावर मी होतो आणि हे इंजिन होतं. म्हणून या पुस्तकांतला खरा मजकूर फोटोखालच्या ओळींत असतो. नंबर, नाव, गाडी, ठिकाण, दिवस. भावना जवळपास नाही. २ जानेवारी १९८२ला डेल्टिकची निरोपाची गाडी धावली. जाताना ‘तुल्यार’, परतताना ‘रॉयल स्कॉट्स ग्रे’. त्या दिवसाबद्दल लिहितानाही इंजिनांचे नंबर, वेळा, उशीर किती मिनिटांचा, असाच तपशील येतो. सुरुवातीला मला हा कोरडेपणा खटकला. नंतर त्याची बाजू पटू लागली. कोणतं इंजिन कुठल्या दिवसापर्यंत चालत होतं, कधी शेडच्या मागच्या रुळावर जाऊन थांबलं, हे आज पडताळता येतं त्यात या नंबरवेड्या पोरांच्या वह्यांचा मोठा वाटा आहे. नोंद चोख ठेवणं ही लहान गोष्ट नाही, हे कोणताही प्रोग्रामर सांगेल.

माझी तक्रार निवडीबद्दल आहे. खोक्यातल्या अकराशेंतून किंवा कपाटातल्या पाच हजारांतून पुस्तकासाठी दीडशे निवडताना हे लेखक पुन्हा ट्रेसींच्या व्याख्येकडे जातात. तिरकं इंजिन, उजेड, स्पष्ट नंबर. बाकीचं गळतं. दुसरा रस्ता नव्हता असं नाही. कॉलिन गिफर्ड यांचं ‘ईच अ ग्लिम्प्स’ १९७०मध्येच आलं होतं. त्यांच्या कृष्णधवल फोटोंत गाडी बरेचदा दूर आणि लहान असते. पुढे घरांची कौलं, धुरांडी, वाट पाहणारी माणसं. अर्थात गिफर्डनी ते ठरवून केलं. पोराच्या फोटोत हमालाचा चेहरा चुकून आला तर त्याचं श्रेय पोराला देता येणार नाही. पण साठीतल्या माणसाने तो फोटो पुस्तकात ठेवला की गाळला, हा त्याचा निर्णय असतो, आणि टीका निर्णयावर करता येते.

गळलेलं काय असतं? स्विंडनच्या कारखान्यात ‘वेस्टर्न’ जातीची इंजिनं तोडली जात होती. ती ७४ होती. फेब्रुवारी १९७७ला त्यांची शेवटची खास गाडी धावली. तोडायला रांगेत उभ्या असलेल्या या इंजिनांचे फोटो जवळपास प्रत्येक पुस्तकात भेटतात, खाली हळहळ व्यक्त करणारी ओळ. गॅसकटर हातात असलेला माणूस मला पुस्तकांत क्वचितच दिसला. हा कारखाना १९८६मध्ये बंद पडला, तेव्हा निरोप इंजिनांपुरता राहिला नव्हता. दुसरं उदाहरण मला जास्त जवळचं. १९६६मध्ये ॲस्क्विथ झेवियर या डॉमिनिकाहून आलेल्या रेल्वे गार्डला लंडनच्या यूस्टन स्टेशनात नोकरी नाकारली गेली, कारण तिथे गोरे नसलेल्यांना गार्ड नेमायचं नाही अशी रीत होती. प्रकरण गाजलं, रीत मोडली, झेवियर त्याच वर्षी रुजू झाले. वेस्ट इंडीज आणि दक्षिण आशियातून आलेली हजारो माणसं त्या दशकांत ब्रिटनच्या रेल्वेत काम करत होती. त्याच फलाटांवर, त्याच पोरांच्या समोर. मी वाचलेल्या सात-आठ पुस्तकांत तशी माणसं मला दोनदा दिसली, दोन्ही वेळा कडेला कापलेली.

म्हणून मी माझं ‘इतर’ फोल्डर उघडलं. दोनशे सहा फोटो. बरेचसे खरोखरच वाईट आहेत, त्यांचं उगाच कौतुक करण्यात अर्थ नाही: बोट लेन्सवर, काळोख, फराटे. पण एकात यॉर्क स्टेशनाच्या वळणदार छपराखाली पगडी घातलेला एक रेल्वे कर्मचारी डब्याच्या दाराशी उभा आहे आणि सरळ कॅमेऱ्याकडे बघतो आहे. इंजिन चौकटीत नाहीच. मी सहकाऱ्यांना तो दाखवला. त्यांनी बराच वेळ पाहिला. म्हणाले, “हा माणूस मला आठवत नाही. मी बहुतेक रीळ संपवत होतो, इंजिन यायचं होतं.”

हे ऐकून त्यांना हसायचा अधिकार मला नव्हता. माझं गाव चिपळूणजवळ. कोकण रेल्वेचं विद्युतीकरण २०२२मध्ये पूर्ण झालं, त्याआधी सुट्टीत मी फोनवर डिझेल इंजिनांचे व्हिडिओ काढायचो, खास आवाजासाठी. एकात गाडी फलाट सोडते तो आवाज अगदी स्वच्छ आला आहे. तो स्वच्छ आहे कारण सुरुवातीचे अकरा सेकंद मी कापले. त्यात आजोबा ओरडत होते, “अरे, मागे हो!” मूळ फाइल ठेवली नाही, फोनात जागा नव्हती. आजोबा गेले त्याला आता तीन वर्षं झाली. मीही आवाज निवडला, आणि निवडताना माझ्या प्रोग्रामसारखाच वागलो: ज्यात इंजिन आहे ते ठेवायचं.

सहकाऱ्यांना आता या फोटोंचं पुस्तक करायचं आहे. छापायचे फोटो निवडून द्यायचं काम माझ्याकडे आलं आहे. ‘इतर’मधले निदान तीस फोटो त्यात असावेत, आणि त्या यॉर्कच्या फोटोला पूर्ण पान मिळावं, असं माझं म्हणणं आहे. ते म्हणतात, अशी पुस्तकं घेणाऱ्यांना नंबर लागतो, त्याखाली मी लिहू काय? दोनदा चर्चा झाली, अजून ठरलेलं नाही. मी सुचवलं, ठिकाण आणि वर्ष लिहा, आणि इंजिन यायचं होतं असं लिहा.