विमान गेले, चूल उरली



मागे उदगीरजवळच्या एका गावात सप्ताहाच्या सांगतेला देवळापुढे पडदा बांधून ‘संत तुकाराम’ दाखवला. तुम्हीही तो कधी ना कधी पाहिला असेल. प्रभात कंपनीने 1936 साली काढलेला, विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला आणि पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरवलेला हा चित्रपट. तुकोबा झाले होते विष्णुपंत पागनीस, आवली झाली होती गौरी.

चित्रपट संपला तेव्हा शेजारी बसलेली एक म्हातारी बोलली, “त्यो गेला इमानात बसून. तिच्या चुलीचं काय?” तो प्रश्न माझ्या मनातून जाईना.

जोसेफ कॅम्पबेल नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने 1949 साली जगभरच्या कथा ताडून एक आराखडा मांडला. नायकाला हाक येते, तो घर सोडतो, संकटे झेलतो, ठेवा मिळवतो आणि तो घेऊन आपल्या माणसांत परततो. आज पुष्कळ चित्रपट याच मापाने बेतले जातात. हे माप तुकोबांना लावून पाहू.

हाक आहे, संकटेही आहेत. सालोमालो त्यांची रचना आपल्या नावावर खपवतो, त्यांना मोहात पाडायला नर्तकी पाठवतो. रामेश्वरशास्त्रींच्या आज्ञेने वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागतात. पण पुढे माप चुकू लागते. हा नायक घर सोडून दूर देशी जात नाही, त्याची सारी लढाई देहूतच होते. शिवरायांचा नजराणा आला तर तो नाकारतो. त्याचा ठेवा म्हणजे अभंग. तोही त्याने झुंजून हिसकावलेला नाही, पाण्याच्या काठी धरणे धरून बसल्यावर परत मिळालेला आहे. आणि शेवटी, जिथे नायकाने घरी यायचे, तिथे तुकोबा वैकुंठाला जातात.

मग परतते कोण? आवली. तुकोबा तिला बरोबर चल म्हणतात, पण तिचा पाय संसारातून निघत नाही. आजारी लेकरासाठी हातात वहाण घेऊन देवाला जाब विचारणारी ही बाई. दिग्दर्शकांनी तिला हसण्यावारी नेले नाही, ही या चित्रपटाची मोठी कमाई आहे. गौरीच्या तोंडची चिडचिड ऐकताना आपल्याला आपल्याच घरातला आवाज ऐकू येतो. तिच्या रागातही विठोबाशी थेट बोलण्याचा हक्क आहे. त्याला भक्ती नाही तर काय म्हणायचे?

एक उणेही सांगतो. शेवटाकडे चमत्कारांची गर्दी होते. एका शिवरायांचे अनेक शिवराय दिसतात, गरुड उतरतो. डोळे दिपतात आणि काठावर उपाशी बसलेल्या माणसाचे धैर्य थोडे झाकले जाते. मला तो काठ अधिक मोलाचा वाटतो.

माउली, आपला आराखडा कॅम्पबेलच्या आधीपासून आपल्या पायांत आहे. वारी म्हणजे नुसते जाणे नव्हे, जाणे आणि येणे. उदगीरहून पंढरीला चालत गेलेला माणूस कळस पाहून तिथेच राहत नाही. पेरणी त्याची वाट पाहत असते, आणि तो गेल्यावर ज्या घरधनिणीने गुरे, लेकरे, म्हातारी माणसे सांभाळली तीही. तिच्या त्या पंधरा-वीस दिवसांवर आपली वारी उभी असते. आपण तिच्यासाठी बुक्का आणि चुरमुरे आणतो. थोडे नरमलेले बोलणे आणतो का?

तुकोबांच्या विमानात बसायची आपली योग्यता नाही. पण उंबऱ्यात परत येता येते. यंदा माळ घालून निघाल तेव्हा आधी घरच्या आवलीच्या पाया पडा, आणि परत आलात की दोन दिवस चूल तुम्ही पेटवा. म्हातारीच्या प्रश्नाचे मला सुचलेले उत्तर एवढेच.

रामकृष्ण हरी!