आघातांची यादी आणि जातीचा हिशेब

मानसिक आरोग्याच्या संशोधनात माणसाच्या आयुष्यभरातील आघातांची नोंद घेण्यासाठी एक छोटीशी प्रश्नावली जगभर वापरली जाते. तिच्याकडे एक संहिता म्हणून पाहिले पाहिजे. संहितेत काय आहे याबरोबरच काय नाही, हेही समीक्षेने विचारावयाचे असते.

ही यादी अमेरिकेत, माजी सैनिकांसाठी चालणाऱ्या राष्ट्रीय केंद्रात तयार झाली. व्हिएतनाममधून परतलेल्या सैनिकांच्या आणि त्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या डॉक्टरांच्या रेट्यामुळे 1980 साली 'आघातोत्तर तणाव विकृती' या निदानाला तिथल्या मानसोपचार संघटनेची मान्यता मिळाली. हे निदान चळवळीच्या दबावातून आले, हे कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावे. यादीत 17 नोंदी आहेत: पूर-भूकंप, आग, अपघात, मारहाण, शस्त्राचा हल्ला, लैंगिक अत्याचार, युद्ध, कैद, हिंसक मृत्यू आणि शेवटी 'अन्य काही'. प्रत्येकीपुढे खूण करावयाची: माझ्यावर गुदरले, पाहिले, ऐकले, कामाचा भाग होता, सांगता येत नाही, लागू नाही. पीडिताला सारी कहाणी पुन्हा उगाळावी लागत नाही, हा या यादीचा खरा गुण आहे.

आता ही यादी घेऊन परभणीत येऊ. 27 जुलै 1978 रोजी विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाडाभर दलितांची घरे पेटली. परभणी जिल्हाही त्यात होता. 10 डिसेंबर 2024 रोजी परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद, दगडफेक आणि धरपकड झाली. पोलिसांनी घरात शिरून मारल्याच्या तक्रारी वस्तीतल्या बायांनी केल्या. 15 डिसेंबरला सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी न्यायालयीन कोठडीत मरण पावला.

समजा, 1978 साली दहा वर्षांची असलेली एक बाई आज या यादीपुढे बसली. 'आग' – खूण. 'मारहाण' – खूण. पण एका खुणेत 1978 आणि 2024 दोन्ही बसवावयाचे, कारण किती वेळा हे यादी विचारीत नाही. दुकानदाराने धान्य नाकारले, शेतावरचे काम बंद झाले, या बहिष्काराला जागा 'अन्य काही'मध्ये. कोठडीतल्या मृत्यूची बातमी तिने 'ऐकली'. पण निदानाच्या 2013 सालच्या निकषांप्रमाणे ऐकलेला मृत्यू जवळच्या नातलगाचा किंवा मित्राचा असेल तरच धरावयाचा. वस्तीचे नाते या व्याख्येत बसत नाही.

सर्वांत मोठी उणीव मात्र कर्त्याची आहे. यादीत आग कशी लागली आणि मारणारा कोण, हे कोठेच विचारलेले नाही. 1993 साली शेजारच्या लातूर जिल्ह्यात किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा वाचलेल्यांच्या मनःस्थितीचा अभ्यास करावयास संशोधक गेले. ते योग्यच झाले. पण भूकंपानंतर जमीन थांबते. दंगलीनंतर पेटविणारा शेजारीच राहतो, त्याच्याच शेतात कामाला जावे लागते आणि फिर्याद ज्या ठाण्यात द्यावयाची त्याचीच भीती वाटते. 'आघातोत्तर' म्हणावयाचे, तर आघात संपलेला असावा लागतो. इथे तो संपलेलाच नसतो.

रोजच्या अपमानालाही आघात म्हटले तर शब्दाचा अर्थच पातळ होईल, असा आक्षेप घेतला जातो. तो फेटाळून लावण्यासारखा नाही. म्हणूनच व्याख्या ताणण्याऐवजी प्रश्न वाढवावेत: किती वेळा? कोणत्या वयापासून? कोणी केले, आणि तो आजही समोर आहे काय? फिर्याद नोंदली गेली काय? अमेरिकेतील वंशद्वेषाच्या अनुभवांसाठी संशोधकांनी वेगळ्या प्रश्नावल्या रचल्या आहेत. जातीसाठी ते अशक्य का असावे?

ही सामग्री मराठीत केव्हाच आली आहे. 'बलुतं' 1978 सालचे, 'आठवणींचे पक्षी' 1979 सालचे. प्रश्नावली रचणाऱ्यांनी ती वाचावीत. परंतु केवळ स्वकथनांवर विसंबून आपलेही भागणार नाही. शासन कहाणीने हलत नाही, ते आकडा मागते. आणि 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणातील 12 राज्यांत महाराष्ट्र नव्हताच. तेव्हा मोजणीला नकार देणे हा विद्रोह नव्हे. कोणी मोजावे, काय मोजावे आणि प्रश्न कोणाच्या भाषेत विचारावा, यावर हक्क सांगणे हे आपले काम आहे. 'लागू नाही' ही खूण आपल्या वतीने दुसऱ्या कोणी करता कामा नये.