‘किल’ आणि ‘म्हणे’

संस्कृत ग्रंथांवरील शालेय टिपणांत ‘किल’ हें अव्यय आलें कीं ‘पादपूरणार्थ’ असा शेरा मारून पुढें जाण्याची वहिवाट आहे. अध्यापनाच्या काळांत आम्हींही विद्यार्थ्यांस तेंच सांगितलें. तें चुकीचें होतें, हें येथें नमूद करणें आम्ही कर्तव्य समजतों.

यास्काचार्यांच्या मतें ‘किल’ ज्ञानाचा प्रकर्ष, म्हणजे निश्चय, दाखवितें. अमरसिंह वार्ता व संभाव्य असे दोनच अर्थ देतो. इ. स. ११४० मध्यें रचिलेल्या ‘गणरत्नमहोदधीं’त वर्धमान मात्र अरुचि, न्यक्करण व अलीक हे अर्थही नोंदवितो. निश्चयवाचक शब्द तिरस्काराप्रत कसा पोंचला? आमच्या मतें मधला दुवा ‘वार्ता’ हा होय. ऐकीव गोष्ट सांगणारा तिचा भार आपल्या शिरावर घेत नाहीं. तेथून संशय, आणि संशयांतून अवहेलना. ‘स किल पण्डितः’ हें वाक्य एकाच्या मुखीं प्रसिद्धीचें कथन, तर दुसऱ्याच्या मुखीं उपहास ठरतें.

हा अर्थ उत्तरकालीनांची कल्पना म्हणून सोडून देतां येत नाहीं. अविश्वास किंवा असहिष्णुता दाखवितांना ‘किंकिल’ याच्या योगें लृट् योजावा असें पाणिनि सांगतो (३.३.१४६), व भट्टोजी दीक्षित त्या समुदायास क्रोधद्योतक म्हणतात. त्यांत ‘किम्’चाही वांटा आहे हें खरें, तथापि ‘किल’ तेथें निरर्थक नाहीं.

‘रघुवंशा’च्या दुसऱ्या सर्गांत सिंह नंदिनीस ओढतो तेथें ‘किल’ आहे, व मल्लिनाथ त्याचा ‘अलीक’ असा अर्थ करितो. सिंह मायेचा होता, ही सूचना त्या दोन अक्षरांत आहे. पादपूरण मानणारा टीपकार ती पुसून टाकतो.

मराठींत हेंच काम ‘म्हणे’ करितें. ‘तो म्हणे मोठा शूर’ यांत वार्ता आहे कीं कुचेष्टा, हें बोलतांना स्वरावरून कळतें. मोडी पत्रांत उद्गारचिन्ह नसल्यानें संदर्भावरूनच ठरवावें लागतें. नक्कल करतांना असें ‘म्हणे’ फालतू समजून गाळल्यास लेखकाची थट्टा त्याचेंच विधान होऊन बसते, आणि पुढील अभ्यासक तिला प्रमाण मानितो.

म्हणून संग्राहकांस व संपादकांस आमची विनंति इतकीच कीं, अशीं अव्ययें मूळांत असतील तशीं उतरावीं. अर्थाचा निर्णय नंतर करावा.