संज्ञाप्रवाह आणि आपले द्वैभाषिक मन

माणसाची जाणीव हा शास्त्राचा विषय होऊ शकतो काय, या प्रश्नावर मानसशास्त्राने अनेकदा कूस बदलली आहे. १८७९ मध्ये वुंटने लाइपझिगला प्रयोगशाळा काढली, तेव्हा अंतर्निरीक्षण हे प्रमुख साधन होते. १९१३ मध्ये वॉटसनने जाणिवेला शास्त्राबाहेर काढले. दिसते तेवढे वर्तन अभ्यासावे, हा त्याचा आग्रह. पुढे जाणीव परतली. आज मेंदूच्या प्रतिमा घेता येतात. पण त्या क्षणी मनात काय होते, हे त्या माणसालाच विचारावे लागते.

विल्यम जेम्सने १८९० च्या ग्रंथात जाणिवेला प्रवाह म्हटले आणि अडचणही सांगितली : विचार न्याहाळायला थांबवावा, तर प्रवाहच उरत नाही. ही अडचण कादंबरीकारांनी आव्हान म्हणून घेतली. जॉइसची ‘युलिसिस’ १९२२ ची. मराठीत हे धाडस बा. सी. मर्ढेकरांनी ‘रात्रीचा दिवस’ (१९४२) मध्ये केले. घटनांच्या साखळीऐवजी मनात उमटणाऱ्या विचार-प्रतिमांची साखळी तेथे महत्त्वाची ठरली.

तथापि संज्ञाप्रवाह म्हणजे मनाची हुबेहूब नोंद, असे मानणे मला पटत नाही. कागदावर आले की निवड आली, क्रम आला, वाक्य आले. ही मनाची नक्कल नव्हे, रचना आहे. तिचे मोल पुराव्यात नसून, मन सरळ रेषेत चालत नाही हे वाचकाला अनुभवू देण्यात आहे.

आता प्रश्न आपला. १९५६ च्या पुनर्रचनेत भंडारा मुंबई राज्यात गेला, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. येथील मराठी मुलगा आईशी मराठीत बोलतो, गणित हिंदीत करतो. कुणाच्या घरी पोवारीही असते. त्याच्या मनातील प्रवाह कोणत्या भाषेचा? वहीतली सरमिसळ आम्ही शिक्षक लाल शाईने खोडतो. परीक्षेसाठी ते योग्यच. परंतु मन उत्तरपत्रिका नव्हे. मर्ढेकरांनी कवितेत इंग्रजी शब्द निःसंकोच घेतले, कारण शहरी सुशिक्षिताची जाणीव तशीच घडली होती. मग वैनगंगेकाठच्या जाणिवेने शुद्ध पुणेरी पोशाख का चढवावा?

सीमेवरील आपल्या बहुतेक कथांतील पात्रे मनातल्या मनातही प्रमाण मराठीच बोलतात. तेथेच त्या खोट्या वाटू लागतात. ‘रात्रीचा दिवस’पासून घ्यायचे ते तंत्र नव्हे, आपले मन जसे आहे तसे पाहण्याचे धैर्य घ्यायचे.