राष्ट्राध्यक्ष खोलीत नसताना

'द वेस्ट विंग'च्या पहिल्या एपिसोडमध्ये (१९९९) राष्ट्राध्यक्ष जवळजवळ शेवटपर्यंत दिसतच नाही. तो सायकलवरून जाऊन झाडाला धडकलाय, एवढंच कळतं. तोवर त्याच्या ऑफिसातली माणसं फोन घेतात, एकमेकांवर खेकसतात, गोंधळ निस्तरतात. शेवटाकडे कट्टर ख्रिश्चन पुढाऱ्यांशी वाद रंगतो. दहा आज्ञांमधली पहिली कोणती, असा प्रश्न निघतो. तेवढ्यात दारातून काठी टेकत मार्टिन शीन येतो, तीच आज्ञा म्हणत. थोडक्यात, राष्ट्राध्यक्ष बार्टलेटची एन्ट्रीच देवाच्या डायलॉगने होते.

लेखक ॲरन सॉर्किनचा मूळ बेत वेगळा होता. मालिका कर्मचाऱ्यांची असणार होती, राष्ट्राध्यक्ष अधूनमधून डोकावणार होता. पण शीनचं काम इतकं जमलं की तोच केंद्रस्थानी आला. अशा मालिकांची सगळी गोम मला या बदलात दिसते.

आम्ही सॉफ्टवेअरवाले एका गोष्टीला फार घाबरतो: 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर'. म्हणजे असा एकच भाग, जो बंद पडला की अख्खी सिस्टीम झोपते. अमेरिकेची राज्यघटनाही याच भीतीतून लिहिलेली आहे. काँग्रेस, न्यायालय आणि राष्ट्राध्यक्ष यांनी एकमेकांना अडवायचं, म्हणजे सगळं एकाच माणसाच्या भरवशावर राहत नाही. टीव्ही मालिकेला मात्र तो एकच माणूस हवा असतो.

बार्टलेटने आपला मल्टिपल स्क्लेरोसिस लपवल्याचं दुसऱ्या सीझनमध्ये बाहेर येतं. प्रश्न सरळ आहे: मत देण्याआधी लोकांना हे कळायला हवं होतं की नाही? पण 'टू कथीड्रल्स' (२००१) या एपिसोडमध्ये तो चर्चमध्ये एकटा उभा राहून लॅटिनमध्ये देवाशी भांडतो, आणि मतदारांचा हिशोब हळूच त्याच्या आणि देवाच्या मधला होऊन जातो. एपिसोड संपेपर्यंत त्याने पुन्हा निवडणूक लढवावी असं आपल्याला मनापासून वाटत असतं. पुढे काँग्रेस त्याच्यावर ठपका ठेवते आणि तो चूक कबूल करतो, हे मालिकेच्या बाजूने सांगायलाच हवं. पण कबूल केल्यामुळे तो आपल्याला आणखीच आवडतो. शिक्षेनेही त्याची प्रतिमाच उजळते.

'हाउस ऑफ कार्ड्स'मधला फ्रँक अंडरवुड वरवर याच्या अगदी उलट. राष्ट्राध्यक्षपदासाठी एकही मत न मिळवता तो त्या खुर्चीवर बसतो. पण तिथेही सगळं एकाच डोक्यातून घडतं, आणि तो कॅमेऱ्यात बघून आपल्याला कटात सामील करून घेतो. बार्टलेटला भक्त हवेत, अंडरवुडला साथीदार. नागरिक दोघांनाही नकोत.

सॉर्किनचा सोडून दिलेला बेत 'वीप'ने (२०१२) विनोदी अंगाने पुरा केला. उपराष्ट्राध्यक्ष सेलिना मेयर सारखी विचारते, राष्ट्राध्यक्षांचा फोन आला का? उत्तर ठरलेलं: नाही. तो राष्ट्राध्यक्ष पडद्यावर कधीच येत नाही. त्यामुळे निर्णय कसा फिरतो आणि खापर कुणाच्या डोक्यावर फुटतं, हे आपल्याला नीट दिसतं. पुढे सेलिना स्वतः त्या खुर्चीवर बसते, तरी खुर्ची तिला थोर करत नाही. 'वीप' आशा देत नाही, 'वेस्ट विंग' भरभरून देते. म्हणून मीही पुन्हा पुन्हा बार्टलेटकडेच जातो.

या आशेची ताकद युक्रेनमध्ये दिसली. 'सर्व्हंट ऑफ द पीपल' (२०१५) या मालिकेत भ्रष्टाचारावर चिडून बोलणाऱ्या एका इतिहासाच्या शिक्षकाचा व्हिडिओ व्हायरल होतो आणि तो राष्ट्राध्यक्ष बनतो. ती भूमिका करणारा वोलोदिमिर झेलेन्स्की एप्रिल २०१९ मध्ये सुमारे ७३ टक्के मतं घेऊन खरोखरच निवडून आला. त्याच्या पक्षाचं नावही मालिकेचंच. २०२२ पासूनच्या युद्धातला झेलेन्स्की त्या मालिकेवरून जोखता येणार नाही. पण मतदानाच्या दिवशी लोकांपुढे उमेदवाराचा राजकीय अनुभव जवळपास नव्हता. होतं ते पात्र, तीन सीझन ओळखीचं.

म्हणून हल्ली अशी मालिका लावली की राष्ट्राध्यक्ष खोलीत नसतानाचे सीन मी जास्त लक्ष देऊन बघतो. फाइल कोण अडवतं, नाही कोण म्हणतं, आणि 'नाही' म्हणणाऱ्याची नोकरी पुढच्या एपिसोडपर्यंत टिकते का. ती टिकत असेल, तर तिथे लोकशाही आहे.